गच्चीवरची पेटी

इमारतीवरचा मोबाइलचा मनोरा म्हटले की नजर आपोआप वर जाते. आमच्या काशीगावातल्या इमारतीच्या गच्चीवरही तसे तीन खांब आहेत आणि त्यांवर तीन दिशांना तोंडे करून बसवलेल्या उभट, पांढऱ्या अँटेना. एकीचे तोंड महामार्गापलीकडच्या राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराकडे, दुसरीचे घोडबंदरकडे, तिसरीचे मीरा रोडच्या दाट वस्तीकडे. सोसायटीच्या प्रत्येक वार्षिक सभेत या अँटेनांवरून वाद होत. कोणी कर्करोगाची भीती घाली, कोणी भाड्याच्या उत्पन्नाचा हिशेब मांडी. भारताने १ सप्टेंबर २०१२पासून प्रारणाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली, ही माहिती मी एकदा सभेत वाचून दाखवली होती. तिने कोणाचेच समाधान झाले नाही. असो. या साऱ्या वादांत खांबांच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या राखाडी लोखंडी कपाटाचा विषय कधीच निघाला नाही. मीही त्यावर पापड वाळत घालण्यापलीकडे त्याची दखल घेतलेली नव्हती.

२०१८ साली मी सोसायटीची सचिव होते. मराठीच्या प्राध्यापिकेला पत्रे चांगली लिहिता येतात, एवढ्याच गुणावर ते पद माझ्याकडे आले असावे. मनोऱ्याच्या कंपनीने आठ महिन्यांचे भाडे थकवले होते. माझ्या चार पत्रांना उत्तर आले नाही. पाचव्याचा मसुदा समितीपुढे ठेवला तेव्हा एक सभासद म्हणाले, "पत्रं कसली लिहिताय मॅडम? लाईट बंद करा, बघा कसे धावत येतात." ऑगस्टमधल्या एका पावसाळी संध्याकाळी सहाच्या सुमारास मीटरच्या खोलीत जाऊन कंपनीच्या मीटरचा खटका मी माझ्या हाताने खाली ओढला. हे कायद्यात बसते का, असे कोणी विचारले नाही. मला तर, खोटे कशाला बोलू, आयुष्यात प्रथमच शब्दांहून परिणामकारक असे काही केल्याचा आनंद झाला होता.

लगेच काहीच घडले नाही. फोन चालू राहिले. कपाटात बॅटऱ्या असतात आणि वीज गेली तरी त्या काही तास सारे धरून ठेवतात, हे मला ठाऊक असायला हवे होते. खरे तर ठाऊक होतेच. २६ जुलै २००५ला, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवशी, मी दहिसरच्या अलीकडे बंद पडलेल्या लोकलमध्ये हातातल्या मुक्या फोनकडे पाहत बसले होते. मनोरे जागच्या जागी उभे होते. वीज तोडलेली, बॅटऱ्या एकामागून एक संपत चाललेल्या. आईला मी जिवंत असल्याचे कळायला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडली. तेरा वर्षांनी खटका ओढताना त्यातले काहीही मला आठवले नाही.

मध्यरात्रीनंतर केव्हातरी आमचा मनोरा विझला. वरच्या मजल्यांवर शेजारच्या मनोऱ्याचा क्षीण संकेत येत होता. माझ्या फोनवर एक काडी दिसत होती, तेवढी मला पुरेशी वाटली आणि मी झोपले.

सकाळी सभासदाचे भाकीत खरे ठरले. कंपनीचा तंत्रज्ञ धावत आला. मूळचा बीडकडचा, डिप्लोमा झालेला, पंचविशीतला मुलगा. गच्चीवर जाऊन त्याने साहेबांशी माझे बोलणे करून दिले. साहेबांनी दोन हप्त्यांत भाडे देण्याचे कबूल केले आणि मी विजयी मुद्रेने खाली जाऊन खटका वर केला. परत आले तर तो कपाट उघडून बसला होता. "लाईट आली म्हणजे साइट आली असं नसतं मॅडम," तो म्हणाला. "डीयू उठायला वेळ लागतो."

डीयू म्हणजे डिजिटल युनिट. एरिक्सनच्या यंत्रसामग्रीत हे नाव रूढ होते. एरवी त्याला बेसबँड युनिट म्हणतात. ज्याच्यासाठी एवढा लोखंडी संसार मांडलेला, ती पेटी एखाद्या जाडजूड शब्दकोशाहून फार मोठी नव्हती. तिच्या दर्शनी पट्टीवर खाचांची एक रांग आणि प्रत्येक खाचेखाली एखादे अक्षर. पोथीच्या पानावर बोट फिरवावे तसे त्या मुलाने त्या रांगेवरून बोट फिरवले. ही वीज येते ती जागा. ४८ व्होल्ट, पण उणे. धन टोक जमिनीला जोडलेले. ही रीत टेलिफोनच्या जुन्या काळापासून चालत आलेली आहे. ओलाव्यात तांब्याच्या तारा गंजू नयेत म्हणून कोणा शहाण्यांनी ती पाडली, आणि १८७६ साली स्टॉकहोममध्ये तारयंत्रांच्या दुरुस्तीचे दुकान म्हणून सुरू झालेली एरिक्सन कंपनीही तीच पाळत आली. पुढची खाच बाहेरच्या जगाची: इथून निघणारी तार कंपनीच्या मुख्य जाळ्याला जाऊन मिळते. त्यापलीकडे पंखे आणि वीजपुरवठा यांच्यावर लक्ष ठेवणारी जोडणी. एक खाच तंत्रज्ञाच्या लॅपटॉपची. आणि मग अ, ब, क अशी ओळीने तीन टोके. त्यांतून निघालेले केसाएवढ्या काचतंतूंचे पिवळे दोर खांबांवर चढून अँटेनांमागच्या रेडिओ-पेट्यांना जाऊन मिळत होते.

या दोरांविषयी त्याने सांगितले आणि पुढे मी वाचून पडताळले, ते मला अजून चकित करते. आपले बोलणे फोनमध्येच वीस-वीस मिलिसेकंदांच्या तुकड्यांत चिरले जाते आणि फोर-जीवर सेकंदाला सुमारे १२.६५ हजार बिटांत मावते. मात्र अँटेना आणि पेटी यांच्यामधल्या दोरातून, वीस मेगाहर्ट्झचा पट्टा आणि दोन अँटेना धरल्या, तर सेकंदाला २.४५७६ अब्ज बिटे वाहतात; म्हणजे एका माणसाच्या बोलण्याच्या जवळपास दोन लाख पट. कारण त्या दोरातून शब्द जातच नाहीत. अँटेनेवर आदळलेल्या लाटेचे बारीकसारीक वर्णन, तिची उंची, तिचा कल, एकमेकींत मिसळलेल्या साऱ्यांच्या लाटा, गोंगाटासकट, सगळे खाली येते. त्या कल्लोळातून कोणाचे काय, हे वेगळे काढायचे काम पेटीचे. मधली अक्षरे गळाली असतील तर ती भरून काढायचे कामही तिचेच. पाठवणाऱ्याने त्यासाठी जास्तीची बिटे पेरून ठेवलेली असतात. खराब हस्तलिखितावरून संहिता सिद्ध करणाऱ्या संपादकाहून हे काम वेगळे नाही. फरक इतकाच की तिला आशयाचा आधार घेता येत नाही. दूरध्वनी, भ्रमणध्वनी या शब्दांत आपण ध्वनी जपला, पण या पेटीपर्यंत ध्वनी पोहोचतच नाही, पोहोचतात ते अंक. आणि अंक म्हणजे आकडा, तशीच मांडीही. आईच्या अंकावरचे मूल आपण जुन्या कवितेत शिकवतोच.

एक तार कपाटाबाहेर जाऊन कठड्यावरच्या छोट्या पांढऱ्या घुमटीला जोडलेली होती. "ही जीपीएस," तो म्हणाला. मला वाटले, पेटीला आपला पत्ता कळावा म्हणून असेल. तसे नव्हते. पत्ता तिला ठाऊकच असतो, तिला हवी असते वेळ. आळीपाळीने बोलणाऱ्या आणि ऐकणाऱ्या जाळ्यात शेजारच्या मनोऱ्यांची घड्याळे एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या दीडपटीहून पुढेमागे झालेली चालत नाहीत. तेवढ्या अवधीत प्रकाश जेमतेम ४५० मीटर जातो. एक बोलत असताना दुसऱ्याने बोलायचे नाही, एवढ्या साध्या सभ्यतेसाठी आकाशातल्या उपग्रहांची साक्ष काढावी लागते. आमच्या वार्षिक सभांची आठवण होऊन मी हसले. तोही हसला, बहुधा सौजन्य म्हणून.

पट्टीच्या टोकाशी चार बारीक दिवे होते: लाल बिघाडाचा, हिरवा कामाचा, पिवळा माहितीचा, निळा देखभालीचा. हिरवा लुकलुकत होता. आम्ही दोघे कपाटासमोर उकिडवे बसून राहिलो. पाऊस थांबला होता आणि महामार्गावरच्या ट्रकांचा आवाज वर येत होता. "आता घड्याळ धरतोय," तो मध्येच म्हणाला, आणि थोड्या वेळाने, "आता सेक्टर उघडतील." पावणेअकराच्या सुमारास हिरवा दिवा स्थिर झाला.

मी जिना उतरत होते तेव्हा खाली फोन वाजला. आमचे वॉचमनकाका मोखाड्याकडचे. जिन्यामागच्या त्यांच्या खोलीत शेजारच्या मनोऱ्याचा संकेत पोहोचत नसे. गच्चीवरच्या मनोऱ्याचीच काय ती सोबत. फोन पुतण्याचा होता. काकांची आई तिथल्या ग्रामीण रुग्णालयात होती हे आम्हाला माहीत होते. पुतण्या रात्री एकपासून फोन लावत होता. पहाटे चारला ती गेली. पावसाळा आणि लहानसे गाव; किती वेळ थांबणार? काका निघाले ते साडेअकराला. पोहोचले तोवर सगळे उरकले होते.

एकला कळले असते तर ते महामार्गावर येऊन, मिळेल त्या ट्रकमध्ये बसून, उजाडता उजाडता घरी पोहोचले असते. हा हिशेब मी नंतर अनेकदा मांडला. समितीच्या पुढच्या सभेच्या इतिवृत्तात मात्र माझ्याच वळणदार अक्षरात एवढेच आहे की, कंपनीकडून थकीत भाड्याचा पहिला हप्ता प्राप्त झाला.

चौदाव्या दिवशी काका परत आले. केस काढलेले, अंगात तोच निळा सदरा. गेटाची किल्ली द्यायला मी खाली गेले. आईचे विचारले. त्यांनी थोडक्यात सांगितले. मग किल्ली हातात फिरवत त्यांनी विचारले, "मॅडम, त्या रात्री टॉवरला काय झालं होतं?"

"लाईट गेली होती, काका," मी म्हटले.

"पावसात होतं तसं," ते म्हणाले आणि टाकीत पाणी चढवायला पंपाकडे गेले.