गर्दी आणि गिऱ्हाईक

पेटीतला आंबा हाती घेऊन हुंगणारा प्रत्येक जण गिऱ्हाईक नसतो, हे पावसच्या बागायतदाराला कॉलेजात शिकावे लागत नाही. आता हापूस इंटरनेटवरूनही विकला जातो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. तेव्हा जाहिरातीचा हिशेब ओघानेच माझ्याकडे आला.

या जाहिरातीचे पैसे विक्रीवर नव्हे, टिचकीवर द्यावे लागतात. गुगलच्या शोध-जाहिरातीत ती ‘सर्च पार्टनर्स’ म्हणजे इतर संकेतस्थळांवरही दाखवण्याचा पर्याय आरंभीच निवडलेला असतो. तिथल्या टिचक्यांचा हिशेब वेगळा पाहता येतो. मागणी येत नसेल, तर तो पर्याय काढून टाकावा. ‘आंब्याचे चित्र’, ‘हापूस कलम’ असे शोधणाऱ्यांसाठी ते शब्द वर्ज्य यादीत घालावेत. पेटी पोहोचत नाही ती गावे वगळावीत.

२०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु नाव शोधणारा पेटी घेईलच असे नाही. बाबा रोज विचारतात, “बघितलं किती जणांनी ते राहू दे, घेतलं किती जणांनी?” अर्थशास्त्राच्या पुस्तकात याहून नेमका प्रश्न मला अजून भेटलेला नाही. दोन-तीन महिन्यांच्या हंगामावर वर्ष काढणाऱ्या घरात फुकट गेलेली टिचकी म्हणजे फवारणीच्या पैशांतून गळालेला रुपया असतो.