घड्याळाचा तास आणि सूर्याचा तास

काळ कोणाच्या हुकमानें थांबत नाहीं, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों. परंतु घड्याळाचा कांटा मात्र सरकारी हुकमानें पुढेंमागें सरूं शकतो, हें मुलांस पटवून देणें तितकेंसें सोपें नाहीं. धर्माबादेस आमच्या माडीवर सायंकाळीं घरचीं व शेजारचीं मुलें अभ्यासास बसतात. त्यांस हा विषय समजावून सांगण्याचा प्रसंग आला, तो घरांतल्याच एका गोष्टीमुळें.

आमचा पुतण्या इंग्लंडांत असतो. दर रविवारीं तेथील चार वाजतां तो आजीस फोन करी. उन्हाळ्यांत तेव्हां आपल्याकडे साडेआठ झालेले असतात; आक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मात्र साडेनऊ होतात. मातोश्री तर नवालाच अंथरुणास पाठ टेकतात. गेल्या वर्षीं त्या रविवारीं वाट पाहून त्या निजल्या, आणि सकाळीं म्हणाल्या, “पोराला आतां आमची आठवण राहिली नाहीं.” तें ऐकून एका मुलानें विचारलें, “एका रात्रींत तास गेला तरी कोठें?”

आम्हीं सांगितलें, तास कोठेंहि गेला नाहीं. लंडन बरेंच उत्तरेकडे असल्यानें तेथील सर्वांत मोठा दिवस सुमारें साडेसोळा तासांचा, तर सर्वांत लहान दिवस आठ तासांहूनहि थोडा कमी. घड्याळ न हलविल्यास जूनमध्यें तेथें पहांटे पावणेचारलाच सूर्य उगवतो आणि लोक झोपेंत असतांना उजेड वायां जातो. म्हणून घड्याळें पुढें करावीं, अशी सूचना विल्यम विलेट या गृहस्थानें १९०७ सालीं मांडली. ती अमलांत आली १९१६ सालीं, महायुद्धांत कोळसा वांचविण्यासाठीं. प्रथम जर्मनींत, लागलीच इंग्लंडांत. दुसऱ्या महायुद्धांत हिंदुस्थानांतहि सप्टेंबर १९४२ पासून आक्टोबर १९४५ पर्यंत घड्याळें एक तास पुढें होतीं.

मग आतां आपण तसें कां करीत नाहीं? धर्माबादेस मोठ्या व लहान दिवसांत फरक अवघा सव्वादोन तासांचा. वांचविण्याजोगा उजेडच थोडा. शिवाय आपली प्रमाण वेळ साडेब्याऐंशी रेखांशाची. धर्माबाद त्याच्या पश्चिमेस साडेचार अंशांहून थोडें अधिक. एका अंशास चार मिनिटें धरलीं, तर येथील सूर्य घड्याळापेक्षां सरासरी अठरा मिनिटें मागेंच असतो. १९०६ सालीं प्रमाण वेळ आल्यावरहि मुंबईनें कित्येक वर्षें आपली एकोणचाळीस मिनिटें मागची वेळ सोडली नव्हती, ती याच सूर्याच्या भरंवशावर.

हा सारा हिशेब मुलांनींच आजीस समजावून दिला. पुतण्या आतां हिंवाळ्यांत तीन वाजतां फोन करतो. ज्यांचीं मुलें विलायतेंत आहेत, त्यांनीं मार्च व आक्टोबरच्या शेवटच्या रविवारांवर पंचांगांत खूण करून ठेवावी. उजेड वांचो न वांचो, वडीलधाऱ्या माणसाच्या मनाची एका रात्रीची तळमळ तरी खचित वांचेल.