ठरलेली जागा

काकडीच्या माळावर आता विमानं उतरतात. कोपरगाव तालुक्यातल्या त्या कोरडवाहू शिवारात 1 ऑक्टोबर 2017 रोजी शिर्डीचा विमानतळ सुरू झाला. उतरणारं विमान दिसलं की वैमानिक आता टॉवरशी काय बोलत असेल, असं माझ्या मनात येतं. आणि ते बोलणंच तुटलं तर?

त्याच वर्षी, 16 फेब्रुवारीला, मुंबईहून लंडनला निघालेल्या विमानाचा जर्मनीवरून जाताना नियंत्रकांशी संपर्क तुटला. आत 330 प्रवासी. जर्मन हवाई दलाची लढाऊ विमानं शेजारी येऊन ठेपली. संपर्क पुन्हा जुळला, विमान लंडनला सुखरूप पोहोचलं. पण खाली बसून पुन:पुन्हा हाक देणाऱ्या नियंत्रकाचा विचार माझ्या मनातून जात नाही.

लहानपणी मी वडिलांबरोबर मढीला कानिफनाथांच्या यात्रेला गेलो होतो. एस.टी.तून उतरतानाच त्यांनी बजावलं, "चुकामूक झाली तर मला हुडकत फिरू नको. पहिल्या पायरीशी येऊन बस. मी तिथंच येतो." गाढवांचा बाजार बघता बघता त्यांचं बोट सुटलं. रडू आवरत, रेवड्यांचा पुडा छातीशी धरून मी पायरीशी जाऊन बसलो.

आकाशातला नियमही असाच आहे. रेडिओ बंद पडला की वैमानिक ट्रान्सपाँडरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्रावर, 7600 हा आकडा लावतो. हवा स्वच्छ असेल तर जवळच्या योग्य विमानतळावर उतरायचं. ढगांत सापडला असेल, तर आधी ठरलेली उंची आणि वेग काही मिनिटं तसाच ठेवायचा, मग निघण्यापूर्वी कळवलेल्या वाटेनं, कळवलेल्या वेळेच्या हिशोबानं जायचं. मनानं नवी वाट काढायची नाही, कारण नियंत्रक त्याच वाटेवरची बाकीची विमानं दूर करत असतो. एकमेकांचा आवाज नाही, तरी समोरचा या घडीला काय करत असेल हे दोघांना ठाऊक! माणसानं माणसावर टाकलेला याहून मोठा भरवसा मी पाहिलेला नाही.

विमान जवळ आलं की टॉवरमधून त्याच्यावर दिवा रोखतात. स्थिर हिरवा म्हणजे उतर. दिवसा वैमानिक पंख डोलावून 'कळलं' म्हणतो.

मढीला त्या दिवशी डफ-ढोलांत हाक पोहोचणं शक्यच नव्हतं. किती वेळानं कोण जाणे, गर्दीत वडिलांची पांढरी टोपी दिसली. त्यांनी दुरूनच हात उंच केला. मीही केला.