दहावर ठेवलेला दिवस

‘स्कायरिम’मधला दिवस 72 मिनिटांत संपतो. 2011 साली बेथेस्डाने हा खेळ आणला तेव्हाच त्यातल्या घड्याळाचा वेग 20 ठरवलेला होता. आपला एक तास म्हणजे तिथले 20. त्यांच्याच आधीच्या ‘मॉरोविंड’ आणि ‘ऑब्लिव्हियन’ या खेळांमध्ये तर तो 30 होता. केडगावच्या घरी मी खेळायला लागलो तेव्हा हे आकडे मला ठाऊक नव्हते. खटकायचं ते एवढंच की रिव्हरवुडहून दुपारी निघावं, वाटेत दोन लांडगे मारावेत, थोडी फुलं खुडावीत, आणि व्हाइटरनच्या वेशीत पोचेस्तोवर दुकानांना कुलपं लागलेली असावीत.

बोलून दाखवलं ते आमच्या अण्णांनी. त्यांचं आयुष्य नेप्तीच्या कांदा मार्केटात गेलं, एका आडत्याकडे हिशेब लिहिण्यात. एका संध्याकाळी खाटेवर बसून ते पडद्याकडे बघत होते. “अरे, आत्ताच तर त्यानं दुकान उघडलं होतं. गिऱ्हाईक यायच्या आत बंद? असा कुठं बाजार असतो?”

त्यांचं बरोबर होतं. तिथली बहुतेक दुकानं सकाळी 8 ते रात्री 8 उघडी असतात. 20 च्या वेगात हे बारा तास 36 मिनिटांत सरतात. त्यात सामानाची यादी उघडली किंवा पुस्तक वाचायला घेतलं तर घड्याळ थांबतं, पण माणसांशी बोलताना थांबत नाही. कुणाची तीन मिनिटं कहाणी ऐकली की तिथला एक तास गेला.

संगणकावर यावर उपाय आहे. एस्केपच्या खालचं बटण दाबलं की कन्सोल, म्हणजे खेळाला आज्ञा लिहून द्यायची चौकट, उघडतो. तिथे इंग्रजीत ‘सेट टाइमस्केल टू 10’ एवढं लिहून एंटर मारायचं. दिवस 144 मिनिटांचा होतो. तलवारीचा, धावण्याचा वेग तोच राहतो. साठ सेकंदांचं औषध साठच सेकंद चालतं. बदलतं ते फक्त घड्याळाला बांधलेलं: सूर्य, दुकानं, माणसांचा दिनक्रम. सर्व्हायव्हल मोड लावला असेल तर भूकही उशिरा लागते.

माझ्यासाठी सगळ्यात मोठा फरक माणसांचा होता. ‘ऑब्लिव्हियन’पासून बेथेस्डाने गावातल्या माणसांना उठण्या-जेवण्या-झोपण्याच्या वेळा लावून दिल्या. एवढं कष्टाने रचलेलं काम 20 च्या वेगात डोळ्यांसमोरून निसटून जातं. 10 वर आल्यावर रिव्हरवुडचा लोहार अल्व्हॉर मला नीट दिसला. भट्टीपाशी घाव घालणारा, मग कातड्याकडे वळणारा, मध्येच बायकोशी दोन शब्द बोलणारा. त्याच्या अंगणात मी नुसता उभा राहिलो. पहाटही तशीच. नवरात्रात आम्ही अंधारात चालत देवीला जातो, तेव्हा पुणे रस्त्यावर फटफटायला लागल्यापासून समोरच्याचं तोंड ओळखू येईपर्यंत बराच वेळ जातो. खेळातल्या पहाटेचे दोन तास सहा मिनिटांत उरकत होते; आता निदान बारा मिळाले.

मूळचा 20 चा आकडाही उगीच नाही, हे सांगायला हवं. नकाशा आटवलेला आहे. दोन गावांमधली दिवसभराची वाट चार-पाच मिनिटांत तुडवून होते, म्हणून वेळही आटवावा लागला. हा हिशेब अंतरांपुरता पटतो. माणसांच्या बाबतीत मात्र तो तोकडा पडतो असं माझं ठाम मत आहे.

मी 1 वरही नेऊन पाहिलं. आपला तास तोच तिथला तास. रात्र संपता संपेना, दुकानदार झोपलेले ते झोपलेलेच. प्रत्येक कामासाठी ‘वेट’ वापरून तास पुढे ढकलावे लागले, मग हळू वेळेचा उपयोग काय? शिवाय आकडा फार उतरवला की माणसांच्या वेळापत्रकात गोंधळ होतो, म्हणून जुने खेळाडू पाच-सहाच्या खाली जाऊ नकोस असंच सांगतात. 6 वर दिवस चार तासांचा होतो. ते मला आवडलं, पण व्यापाऱ्याकडचा माल तिथल्या 48 तासांनी बदलतो, आणि त्याची वाट बघण्यात माझे अनेक रविवार गेले असते.

मी 10 वर राहिलो. हा आकडा सेव्हबरोबर साठवला जातो, त्यामुळे एकाच संगणकावर धाकट्या भावाचा खेळ 20 नेच पळतो. त्याला ड्रॅगन मारायचे असतात. अण्णा मात्र माझ्या पाळीला येऊन बसतात आणि व्हाइटरनमधल्या बेलेथोरचं दुकान उघडलं का, ते आधी विचारतात.