पानाचा नव्हे, मजकुराचा पत्ता

‘योहान ३:१६’ असं कुणी म्हटलं, की हातात कुठलंही बायबल असो, आजीचं जाडजूड मराठी नाहीतर माझं खिशातलं इंग्रजी, वचन लगेच सापडतं. पान वेगळं, छापखाना वेगळा, भाषाही वेगळी, पत्ता तोच. नव्या कराराला वचनांचे हे आकडे १५५१ साली रॉबेअर एस्तिएन यांनी घातले. ते स्वतः मुद्रक, तरी त्यांनी पत्ता पानाला न बांधता मजकुराला बांधला.

वेबसाइटच्या यूआरएलचंही मला हेच वाटतं. टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ साली सांगून ठेवलंय, की पत्ता बदलायला लागू नये म्हणून त्यात बदलणारं काही घालूच नये: सॉफ्टवेअर, विभाग, लेखकाचं नाव. लेख निघाला ते साल मात्र बदलत नाही.

आपल्या अंकाचे जुने पत्ते ‘पीएचपी’ आणि आयडी नंबरांवर बेतलेले होते. साइट बदलली आणि ते सगळे ‘४०४’ झाले. माझ्या प्रोजेक्टच्या तळटिपेत एका सीनियरच्या निबंधाचा असा पत्ता आहे. निबंध नव्या साइटवर आहे, पण तळटीप वाचणाऱ्याला तो सापडणार कसा? जुन्या पत्त्यावरून नव्याकडे नेणारं ‘३०१ रीडायरेक्ट’ असतं, तर ही वेळ आली नसती.

आता पुढचे पत्ते ठरतायत. ‘अंक/२०२५/लेखाचं-नाव’ एवढं पुरे. शब्दांमध्ये साधी जोडरेघ हवी. लिंकखाली रेघ आली की अंडरस्कोर दिसतच नाही.

वाद आहे तो लिपीचा. देवनागरी पत्ता कॉपी केला की बऱ्याचदा टक्क्यांच्या चिन्हांची माळ होते. ‘मराठी’त संगणकाच्या हिशेबी पाच चिन्हं: म, र, काना, ठ, वेलांटी. प्रत्येकाचे तीन बाइट, प्रत्येक बाइटची तीन अक्षरं. म्हणजे एका शब्दाची पंचेचाळीस! म्हणून काहीजण रोमन लिपी बरी म्हणतात. पण आपण रोमनमध्ये टाइप करतो तेव्हा ‘काल’ आणि ‘काळ’ एकच होतात. साहित्य मंडळाला हे चालेल? माझं मत देवनागरीला. फक्त नाव दोन-तीन शब्दांतच ठेवूया.

आणि जुन्या अंकांच्या लिंक कुणाकडे असतील, तर मंडळाच्या ग्रुपवर टाका. यादी झाली की रीडायरेक्ट लावता येतील.