चुकीच्या पोटांतील व्याकरण

परकी भाषा शिकणाऱ्याच्या मनांत नेमकें काय घडतें, ह्याचा शास्त्रीय शोध तसा अलीकडचा आहे. चूक म्हणजे हयगय, आणि तिला औषध घोकंपट्टी, असा पूर्वीं सर्वत्र समज होता. १९६७ सालीं पिट कॉर्डर ह्या ब्रिटिश विद्वानानें असें प्रतिपादिलें कीं, शिकणाऱ्याची चूक ही त्याच्या मनांत चाललेल्या नियमशोधाची खूण होय. १९७२ सालीं लॅरी सेलिंकर ह्यांनीं ह्या अवस्थेला नांवच दिलें. आपण तिला 'मधली भाषा' म्हणूं. ती मातृभाषा नव्हे, शिकावयाची भाषाहि नव्हे. तथापि तिला स्वतःचे नियम असतात.

संस्कृत शिकवितांना आम्हांस ह्याचा पडताळा पदोपदीं येई. मुलें हटकून 'मम मित्रः' लिहीत. मराठींत मित्र पुल्लिंगी. संस्कृतांत स्नेही ह्या अर्थीं तो नपुंसकलिंगी, आणि पुल्लिंगी केला कीं त्याचा सूर्य होतो! हा मातृभाषेचा हात. दुसरी चूक निराळ्या जातीची. घरांतलें लहान मूल 'मी करलं' म्हणतें. हें रूप वडीलधाऱ्यांपैकीं कोणींहि उच्चारलेलें नसतें. 'भरलं', 'धरलं' ह्यांवरून मुलानें तें स्वतः बसविलेलें असतें. मराठी शिकणारा प्रौढ परप्रांतीयहि पुष्कळदां हेंच बोलतो. नुसत्या नकलेनें बोलणाऱ्या पोपटाला ही चूक साधावयाची नाहीं.

आमच्या एका स्नेह्यांकडे धारवाडची कानडी सून आली. देशस्थांत अशी सोयरीक नवी नव्हे. कानडींत लिंगभेद मुख्यतः माणसांपुरता. वस्तू आणि जनावरें सरसकट नपुंसकलिंगी. मराठींत मात्र दरवाजा तो, दार तें, भिंत ती. एकाच वस्तूला दोन लिंगें देणाऱ्या भाषेनें तर्काची बढाई मारूं नये! ती मुलगी 'आमटी झालं' म्हणे, आणि दीर-नणंदांची हसून मुरकुंडी वळे. सहा महिन्यांत तिची आमटी 'झाली' झाली नाहीं. ती बोलेनाशीच झाली. सून घुमी आहे, असा बोभाटा झाला.

अशा ठिकाणीं रिचर्ड श्मिट ह्यांचा प्रयोग आठवतो. ह्या अमेरिकन संशोधकांनीं ब्राझीलमध्यें पोर्तुगीज शिकतांना रोजनिशी ठेविली आणि आपलीं संभाषणें ध्वनिमुद्रित केलीं. सिल्विया फ्रोटा ह्यांच्यासह १९८६ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत त्यांनीं दोहोंची तुलना केली. कानांवर रूप पडलें एवढ्यानें तें येत नसे. ज्याकडे लक्ष गेल्याची नोंद रोजनिशींत होती, तीं रूपें बहुधा बोलण्यांत उतरत. कित्येकदां समोरचा माणूस चूक दुरुस्त करी, पण ती दुरुस्ती आहे हेंच त्यांच्या ध्यानीं येत नसे. आतां जिचें सारें लक्ष कोण हसतो इकडे, तिला 'झाली'मधला ईकार ऐकूं यावा कसा?

सासूबाई चार बुकें शिकलेल्या, पण उमज मोठी. त्यांनीं मुलांना दटावलें आणि सुनेच्या प्रत्येक वाक्याला सहज उत्तर द्यावयास आरंभ केला: "झाली का आमटी? बरं झालं. आणि भात? तोहि झाला?" वर्षभरांत पुष्कळसें जमलें, भिंत तेवढी अजून अधूनमधून 'तें' होते. पुढें त्या स्वतः सुनेपाशीं कानडी शिकूं लागल्या. व्याह्यांकडे धारवाडास गेल्या असतां अंगणांतील गाईला त्या मोठ्या आदरानें 'अवळु', म्हणजे 'ती', म्हणाल्या. सुनेच्या तोंडाला पदर गेला. कानडी गाय 'अदु', म्हणजे 'तें'.