दूध आटत नाही, रजा आटते

माझी ताई कंत्राटी सफाई कामगार. बाळंतपणानंतर चाळिसाव्या दिवशी ती पुन्हा झाडू घेऊन रस्त्यावर उभी होती. मुकादमानं बजावलं होतं, तू नाही आलीस तर दुसरी तयार आहे. पहाटे पाचला निघायची, दुपारी दोनला परतायची. छाती दाटून ठणकायची, ब्लाउज भिजायचा. हळूहळू दूध कमी झालं, घरात बाटली आली. वस्तीनं निकाल दिला, "हिला दूधच पुरत नाही."

हा निकाल खोटा आहे. बाळ जितकं पितं तितकं दूध तयार होतं. नऊ तास बाळ छातीला लागलंच नाही तर दूध कमी होणारच. यात ताईच्या अंगात खोट कुठे आहे? खोट कामाच्या अटींत आहे.

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको, असं सरकारच सांगतं. २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा दिली. म्हणजे बरोबर सहा महिने. पण ती मिळते कुणाला? कायम नोकरीवालीला. मागच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेली कंत्राटी बाईही हक्कदार आहे. पण हजेरीच कागदावर नसेल तर हक्क सिद्ध कसा करणार? ऊसतोडीला गेलेल्या, घरकाम करणाऱ्या बायांना तर तेवढाही आधार नाही. जातीनं ज्यांच्या वाट्याला हे काम दिलं, त्यांच्याच बाळाचं दूध तुटतं.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, ही त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये तो कायदा झाला. जयंतीच्या भाषणात आपण हे अभिमानानं सांगतो. मग आपल्या वस्तीतल्या ओल्या बाळंतिणीचं काय?

मित्रांनो, गरोदर बाईच्या हजेरीचे, पगाराचे कागद आजच जमवा. रजेचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या. कामावर जावंच लागलं तर दूध हातानं काढून स्वच्छ, झाकणाच्या भांड्यात थंड जागी ठेवता येतं. काही तासांच्या आत वाटी-चमच्यानं पाजता येतं. त्यासाठी घरातल्या पुरुषानं बाळ सांभाळायला शिकावं. आणि "दूध नाही" म्हणणाऱ्याला विचारा, रजा दिली होती का?

जय भीम!